डिस्कसची अंडी पांढरी का पडतात, आणि पिल्लं आईबापांना का चिकटत नाहीत?

छत्रपती संभाजीनगरच्या एका ताईंनी विचारलंय: दीड वर्षापूर्वी आणलेल्या आठ लहान डिस्कस माशांमधून एक जोडी आपोआप जुळली. नर रेड टर्कॉइज, मादी पिजन ब्लड (या डिस्कसच्या रंगांच्या जाती). दोन फुटी टँकमध्ये वेगळी ठेवली. आतापर्यंत पाच वेळा अंडी घातली, दोघंही पहारा नीट देतात. चार वेळा दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडली. पाचव्या वेळी बोअरची मोटर बिघडली होती, म्हणून शेजाऱ्यांकडून आरओचे तीन जार आणून पाणी बदललं. त्या वेळी दोनशेतली तीसेक अंडी फुटली, पिल्लं पोहायलाही लागली. पण ती आईबापांकडे गेली नाहीत, हिटरभोवती जमून राहिली आणि तीन दिवसांत संपली. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 620, पीएच 7.8. नर बदलू का? की अंडी काढून वेगळी उबवू?

ताई, निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आलंय. नर बदलू नका. जोडी मोडू तर मुळीच नका.

चार वेळा बोअरचं पाणी होतं आणि एकही अंडं टिकलं नाही. पाचव्या वेळी तीन जार म्हणजे साठ लिटर आरओचं पाणी सव्वाशे लिटरच्या टँकमध्ये गेलं, टीडीएस साधारण निम्म्यावर आला आणि तीस पिल्लं निघाली. नर वांझ असता तर एकही निघालं नसतं. आणखी एक शंका फिटली. दोन माद्याही एकमेकींशी जोडी जमवतात, कोन (अंडी घालायला टँकमध्ये ठेवतात तो शंकूसारखा उभा तुकडा) साफ करतात, अंडी घालतात, पहारा देतात. महिनोन्‌महिने आपण त्यांना नर-मादी समजत राहतो. तुमच्याकडे तसं नाही. ज्यांच्याकडे प्रत्येक वेळी शंभर टक्के अंडी पांढरी पडतात, त्यांनी आधी हे तपासावं. अंडी घालायच्या आदल्या दिवशी पोटाखालची नळी बाहेर दिसते. मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक, टोकदार आणि किंचित मागे वळलेली. माशाच्या आकारावरून, कपाळावरून, परांच्या टोकावरून नर-मादी सांगणारे बरेच भेटतात. त्या खुणांवर मी विसंबत नाही.

आता पाण्याचं. डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. 1840 मध्ये हेकेल या मत्स्यतज्ज्ञांनी ज्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ती रिओ निग्रो नदीकडची. ते पाणी चहासारखं तांबूस, आम्लधर्मी, आणि त्यात क्षार जवळपास नसतातच. आज आपल्याला दुकानात मिळणारे मासे मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, जर्मनीतल्या हॅचऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले आहेत. त्यांना जगायला 7.8 पीएच आणि 400 टीडीएसही चालतो. खातात, वाढतात, रंग धरतात. पण अंडं अजून जुन्याच पाण्याचं राहिलंय. नराचं बीज अंड्याच्या कवचातल्या एका अतिसूक्ष्म छिद्रातून आत जातं आणि त्यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. पाणी जड असलं की फलन होतच नाही, किंवा झालेलं टिकत नाही. तुमच्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. आम्ही ठाण्यात राहतो, आमच्या नळाला धरणाचं पाणी आहे, मीटर लावला की नव्वदच्या आसपास आकडा येतो. त्यामुळे जे काम मला फुकटात होतं, त्यासाठी तुम्हाला आरओ लागणार.

घरच्या आरओबद्दल एक गोष्ट आधी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस वाढवणारा छोटा नळ असतो, चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस स्वतः मोजा. नव्वद-शंभर आला तर तेच पाणी जसंच्या तसं वापरा. वीसच्या आसपास आला तर सहा बादल्या आरओ आणि एक बादली बोअर असं मिसळा, शंभरच्या जवळ पोचाल. शुद्ध आरओ एकट्याने वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं. माशांच्या विष्ठेमुळे एका रात्रीत तो पाचच्याही खाली जाऊ शकतो आणि सकाळी जोडी कोपऱ्यात काळी पडून उभी दिसते. मिठाने चालणारा सॉफ्टनर इमारतीला बसवलेला असेल तर त्याने टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं एवढंच. त्यामुळे अशा ठिकाणी नुसत्या मीटरवर जाऊ नये.

सध्याचं पाणी एकदम बदलू नका. रोज पंधरा-वीस टक्के नव्या पाण्याने बदलत दोन आठवड्यांत खाली आणा. 80 ते 120 च्या मध्ये टीडीएस, 6.2 ते 6.8 पीएच, 29 अंश तापमान, एवढं जमलं की बास. पीएच उतरवायला ॲसिडच्या बाटल्या घेऊ नका. पाणी मऊ झालं की तो स्वतःच खाली येतो. हातभार हवा असेल तर देशी बदामाची झाडावरून गळलेली, लाल-तपकिरी झालेली वाळकी पानं धुऊन दोन-तीन टाका. पाण्याला चहाचा रंग येतो, बुरशीलाही थोडा आळा बसतो. फक्त रस्त्याकडेच्या झाडाची किंवा फवारणी होत असलेल्या सोसायटीतली पानं घेऊ नका.

हे झालं की पुढच्या खेपेला काय बघायचं ते सांगतो. अंडी घालताना मादी कोनावर खालून वर सरकत एक ओळ लावते, लगेच मागून नर त्याच ओळीवरून जातो. त्या तासा-दीड तासात खोलीत ये-जा करू नका, आणि हवेचा पंप अगदी मंद करा, म्हणजे नराचं बीज वाहून जात नाही. हा बदल छोटा वाटतो, पण माझ्याकडे त्याने स्पष्ट फरक पडला आहे. पहिल्या दिवशी सगळी अंडी सारखीच दिसतात, मधाच्या रंगाची, पारदर्शक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वांझ अंडी खडूसारखी पांढरी होतात. फळलेल्या अंड्यांत काळा ठिपका दिसू लागतो. साधारण साठ तासांनी तोच कोन टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. अंड्यांच्या जागी शेपट्या वळवळताना दिसतील, डोकी कोनाला चिकटलेली. एखादं पिल्लू निसटून खाली पडलं की आई किंवा बाप ते तोंडात घेतो, दोन क्षण चावल्यासारखं करतो आणि परत कोनावर थुंकून चिकटवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव वर येतो, वाटतं खाल्लंच. तेव्हा जाळी घेऊन धावू नका.

खरोखर खाणाऱ्या जोड्याही असतात. तरुण जोडी पहिल्या तीन-चार खेपा बहुधा खाते. त्यावर उपाय म्हणजे कोनाभोवती अर्धा-पाऊण इंच अंतर सोडून प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची जाळी उभी करायची. आईबापांना अंडी दिसतात, परांनी वारा घालता येतो, तोंड मात्र पोचत नाही. बाजारातली जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चुकूनही वापरू नका, मऊ पाण्यात जस्त उतरतं. तुमची जोडी पहारा नीट देते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हाला जाळीची गरज दिसत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या दुःखाकडे येतो, कारण खरी कसोटी तिथेच आहे. डिस्कसची पिल्लं पोहायला लागल्यावर पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. आमच्यात सगळे त्याला दूधच म्हणतात, आणि तो शब्द चुकीचा नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपशीलवार मांडलं. अंडी घातली की या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांपासून दूर पोहायला लागतात, थेट दूध तोडणाऱ्या सस्तन प्राण्यांसारखं. माझ्या टँकमध्ये मी हे वर्षानुवर्षं बघतोय, तरी दर वेळी खुर्ची ओढून बसतो. पन्नास-साठ पिल्लं बापाच्या कुशीला टोचत असतात. बाप दमला की अंगाला एक झटका देतो आणि पुढे सरकतो. क्षणभर पिल्लांचा ढग मोकळ्या पाण्यात राहतो, आणि मग सगळी एकदम वळून शेजारी उभ्या असलेल्या आईच्या अंगावर जातात. आई त्या वेळी पर मिटून अगदी स्तब्ध उभी असते.

पिल्लं आईबापांना ओळखतात ती गडद रंगावरून. पिल्लं असताना साधा टर्कॉइज किंवा कोबाल्ट डिस्कस अंगाने काळवंडतो, उभे पट्टे ठळक होतात, आणि पिल्लं त्या काळ्या आकाराकडे जातात. पिजन ब्लडमध्ये ते पट्टे नसतात आणि अंग गडद करायची ताकदही नसते. नारिंगी-पांढरी मादी पिल्लांना दिसतच नाही म्हणा ना. मग टँकमध्ये जे सगळ्यात काळं असेल त्याला ती चिकटतात. तुमच्याकडे हिटर होता. कुणाकडे फिल्टरचा काळा स्पंज असतो, कुणाकडे टँकच्या मागे लावलेला काळा कागद. तिथे खायला काही नाही, आणि पोहायला लागल्यापासून पिल्लांकडे फार तर दोन-तीन दिवसांची शिदोरी असते.

म्हणून पिल्लं कोनावर वळवळत असतानाच, म्हणजे अंडी घातल्यापासून चौथ्या दिवशी, टँक मोकळा करा. खाली वाळू नको, झाडं नकोत. मागच्या, खालच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून पांढरा किंवा फिकट निळा कागद लावा. काळा स्पंज काढून फिकट रंगाचा लावा, आणि तो आदल्या महिन्यापासून मोठ्या टँकमध्ये चालवून मुरवलेला असू द्या. हिटरला पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचं आवरण घाला. पाण्याची पातळी हळूहळू उतरवून माशाच्या उंचीपेक्षा तीन-चार इंच वर ठेवा, म्हणजे पिल्लांना शोधायला जागाच कमी राहते. रात्री मंद दिवा चालू ठेवा. तुमचा नर टर्कॉइज आहे, हे तुमचं नशीब. पिल्लं आधी त्याच्याकडे जातील आणि त्याच्यावरून आईकडे. दोन्ही पिजन ब्लड असते तर मी तुम्हाला जोडी बदला असंच सांगितलं असतं.

एका संध्याकाळी चिकटली नाहीत म्हणून घाबरू नका. पहिल्या दिवशी निम्मी भटकतातच. तेव्हा दिवा मंद करायचा आणि खोलीतून निघून जायचं. जोडीला आपली नजर नको असते. खिडकीजवळ, दाराजवळ, टीव्हीसमोर ठेवलेल्या टँकमध्ये पिल्लं वाढवताना लोकांचे हाल होतात, ते त्यामुळेच.

अंडी काढून वेगळी उबवायचं विचारलंत. उबवणं सोपं आहे. मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचे दोन थेंब आणि हवेचा दगड लावला की अंडी फुटतील. पण पुढे दुधाऐवजी अंड्याच्या पिवळ्या बलकाचा लेप, दर दोन-तीन तासांनी खाणं, प्रत्येक खाण्यानंतर पाणी बदलणं, रात्रीसुद्धा. हे करणारे आहेत. मी दोन खेपा केलं आणि सोडून दिलं. पिल्लं जगली, पण आईबापांवर वाढलेल्या पिल्लांसारखी भरली नाहीत. तुमची जोडी पहारा देणारी आहे, तिला आईबाप होऊ द्या.

चिकटल्यानंतर चार-पाच दिवस तुमचं काम फक्त पाण्याचं. रोज थोडं पाणी हवेच्या बारीक नळीने तळातून काढायचं, नळीचं दुसरं टोक पांढऱ्या टबात सोडायचं, म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतात. नवं पाणी त्याच तापमानाचं, थेंबथेंब. पाचव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत जीव, अंड्यांतून घरीच काढायचे) सुरू करा. एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, 28 अंश, उजेड आणि जोरात हवा. चोवीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी जिवंत पिल्लं तळाला बसतात. तेवढीच काढा, बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्यात धुवा. टरफलं पोटात गेली तर डिस्कसच्या पिल्लांची आतडी अडकतात. आर्टेमिया सोडल्यावर भिंग घेऊन बघा. अर्ध्या तासात प्रत्येक पिल्लाचं पोट नारिंगी मण्यासारखं दिसायला हवं. ज्यांची पोटं नारिंगी झाली, ती वाचली असं मी धरतो.

दोन-अडीच आठवड्यांनी आईबापांच्या अंगावर ओरखडे दिसू लागले, ते पिल्लांपासून पळू लागले की पिल्लं वेगळी करा. उशीर केला तर मादीची कातडी सोलवटते आणि जखमेत संसर्ग होतो. इथून पुढे रोज निम्म्याहून जास्त पाणी बदलणं आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, तीन महिने. यात हयगय झाली की मासा खुरटतो, आणि ते पुढे कधीही भरून निघत नाही. खुरटलेला डिस्कस ओळखायचा डोळ्यावरून, अंग लहान आणि डोळा मोठा. या वाढीच्या काळात मऊ पाण्याचा हट्ट सोडा. पिल्लांना हाडांसाठी क्षार लागतात, तेव्हा हळूहळू बोअरचं पाणी वाढवत टीडीएस 250-300 पर्यंत न्या. पैसेही वाचतात.

खाण्यात परदेशी पुस्तकं बीफहार्ट, म्हणजे गाईबैलाचं हृदय, सांगतात. मी कोळंबी वापरतो. सोलून, काळा धागा काढून, चरबी काढलेलं कोंबडीचं काळीज-हृदय, थोडा वाफवलेला पालक आणि एक पाकळी लसूण घालून मिक्सरमधून काढतो, पिशवीत चपटं पसरून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि चॉकलेटच्या वडीसारखं मोडून देतो. ट्यूबिफेक्स (बारीक लाल जिवंत किडा) मात्र नको. तो घाणीच्या पाण्यातून येतो आणि आतड्याचे रोग घेऊन येतो. मासा खाणं थुंकू लागला, पांढरी चिकट दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, तर तापमान 32 पर्यंत नेऊन मेट्रोनिडाझोल द्यावं लागतं, 40 लिटरला 250 मिलिग्रॅम. एकच कल्ला हलतोय आणि दुसरा मिटलेला असेल तर कल्ल्यांतले किडे असतात. ते आईबापांकडून पिल्लांना जातात आणि पिल्लं आठवड्यात संपतात. म्हणून जोडी कोनावर बसवायच्या आधी प्राझिक्वांटेल या किड्यांवरच्या औषधाचा कोर्स करून घ्या, अंडी असताना नव्हे. एंजलफिश त्याच टँकमध्ये ठेवू नका, आणि दोघांना एकच जाळी वापरू नका.

वीज गेली तर काय, हेही लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा माझ्याकडे पोहायला लागून सहा दिवस झालेली पिल्लं होती. उष्णतेची काळजी नव्हती, हवेची होती. कमी पाणी, दोन मोठे मासे आणि शंभरावर पिल्लं. पहिल्या तासातच बाप वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. बॅटरीचा पंप घरात होता, पण त्यातले सेल संपलेले. मी आणि बायको आलटून पालटून मगने पाणी वरून हळूहळू सोडत बसलो, दुपारपर्यंत. पिल्लं वाचली. तेव्हापासून चार्ज होणारे दोन पंप कायम भिंतीला लावलेले असतात. तुम्ही एक आजच घ्या.

जोडीचं एक राहिलं. पिल्लं काढल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालेल. घालू देऊ नका. पाच खेपा झाल्या आहेत, मादी थकली असणार. कोन काढून घ्या, तापमान 28 वर आणा, मधे काच घालून दोघांना शेजारी ठेवा, एकमेकांना दिसतील असं. सहा-आठ आठवडे भरपूर खाऊ घाला. तिचं कपाळ आणि पाठीचा वरचा भाग परत भरला, डोक्यामागे खाच दिसेनाशी झाली, की मग काच काढून कोन ठेवा. तोवर तुमचं पाणीही शंभरावर स्थिरावलेलं असेल.